पाच बटणं, एक कुत्रं

९ नोव्हेंबर, शनिवार

कुत्रं घ्यायचं ठरलं! कुठलं, ते नाही ठरलं. पण घ्यायचं हे पक्कं.

नातीनं सहा महिने सगळ्यांचं डोकं खाल्लं. तिला आम्ही ठिणगी म्हणतो. वय नऊ, पण बोलायला लागली की एकोणीस. शेवटी आज जेवताना लेकानं हात टेकले. म्हणाला, आणू, पण छोटं. घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या तीन, माणसं पाच. मोठं आणलं तर आपल्यातल्या कुणाला तरी जिन्यात झोपावं लागेल. तर आमचे हे लगेच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, घोरतं कोण?

मग एकेकाच्या अटी. सूनबाई म्हणाली, केस गळणारं नको. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते, त्यामुळे स्वच्छतेचं वेड. घरी आली की दाराची मूठसुद्धा पुसते. लेक म्हणाला, भुंकणारं नको. तो मालाच्या गोदामात साहेब आहे, फोन कानाला जळवेसारखा चिकटलेला. ट्रक कुठे अडकला, पेट्या कुठे उतरल्या, हेच चोवीस तास. हे म्हणाले, चावणारं नको. यांनी बत्तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. पोटऱ्यांवर अजून खुणा आहेत, आणि प्रत्येक खुणेची गोष्ट आहे, आणि प्रत्येक गोष्ट आम्ही पन्नासदा ऐकली आहे. ठिणगी म्हणाली, मांडीत मावणारं हवं.

मला कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं — दुपारी घरात कुणी नसतं, हेसुद्धा कट्ट्यावर असतात, तेव्हा माझं ऐकून घेणारं हवं. सगळे हसले. हसू देत. दुपारी मी शिलाई मशीनशी बोलते, ते यांना कुठे माहीत आहे!

ही वही ठिणगीचीच, विज्ञानाची. पहिल्या चार पानांवर बेडूक काढलाय, बाकी कोरी. आजी, रोज लिही म्हणजे अक्षर सुधारेल, म्हणाली. मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत. मग मशीनवर बसले ती आजतागायत. अक्षर काय सुधारणार आता, पण लिहायला मजा येते खरी. कुणी मध्ये बोलत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ठिणगीनं वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. आत नुसती कुत्री! पानोपानी फोटो, खाली माहिती. मी फोटो बघत गेले, ती वाचत गेली.

मला तर सगळं कापडातच दिसतं. डॅशंड म्हणून एक आहे — ते ज्यानं बेतलं त्यानं लांबीला सगळं कापड घालवलं आणि पायांना काही उरलंच नाही. पगच्या तोंडाला चुण्या घातल्यात आणि इस्त्री करायची राहून गेलीय. माल्टीज म्हणजे पडद्याची झालर सुटून चालायला लागली. चिवावा तर दुकानदार नमुना म्हणून देतात तेवढा तुकडा. शिट्झूच्या डोळ्यांवर झुलपं, पुढचं दिसतं कसं देव जाणे.

ठिणगी हसून हसून खाली पडली. मग हे सगळं तिनं पुस्तकात पेन्सिलीनं लिहून ठेवलं. वाचनालयाचं पुस्तक! सूनबाईनं बघितलं तर माझीच खैर नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

एक गंमत झालीय, ती लिहून ठेवते.

आमच्याकडे जेवण म्हणजे खानावळ. ठिणगी सातला जेवते. हे बातम्या बघत साडेसातला. सूनबाई लॅबमधून येईल तेव्हा, उभ्यानं, ओट्याशी. लेक ताट घेऊन खोलीत, फोन चालूच. मी सगळ्यात शेवटी, भांड्यांना सोबत म्हणून. वर्षानुवर्षं असंच. कुणी रागावलेलं नाही, कुणाचं वाईट नाही. जो तो आपला घाण्याला जुंपलेला.

पण रविवारपासून काय झालंय, पुस्तक टेबलावर उघडं असतं. त्यामुळे सगळे तिथेच येतात. काल लेक फोन बंद करून बसला आणि डॅशंडच्या पाठीचा मणका या विषयावर सूनबाईशी अर्धा तास वाद घातला. जिने चढून उतरून त्यांची पाठ दुखते म्हणे. सूनबाई म्हणाली, "मग लिफ्ट आहे ना." लेक म्हणाला, "आपली लिफ्ट? ती स्वतःच पाठदुखीची आहे." सूनबाई हसली तर तिच्या तोंडातलं पाणी उडालं. मी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं? लग्नात. आणि एकदा हे मोरीत घसरले तेव्हा.

चार दिवस झाले, पाच ताटं एका वेळी वाढतेय. हात भरून येतात वाढताना. तक्रार नाही हं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पहिलं कुत्रं बघून आलो! सगळे मिळून, लेकाच्या गाडीत. गाडी चौघांची, आम्ही पाच. मी मध्ये, एका बाजूला यांचं कोपर, दुसऱ्या बाजूला ठिणगीचं पुस्तक.

पत्ता यांनीच सांगितला. डावीकडे घे, आता त्या पाण्याच्या टाकीला वळ. मीटर वाचता वाचता सगळ्या गल्ल्या पाठ झाल्यात. निवृत्त झाल्यापासून यांना रस्ता कुणी विचारला नव्हता. फोनमध्येच असतो ना आता रस्ता. पण लेकानं आज फोन काढलाच नाही. हे असे ताठ बसले होते, जसे काही सारथीच.

पॉमेरेनियन होतं. एका बेकरीवाल्याकडे. आम्ही दाराशी पोचायच्या आधीच आतून आवाज सुरू. हे बाहेरूनच म्हणाले, "छोटं आहे, पांढरं आहे, आणि सोफ्यावर उभं आहे." दार उघडलं तर अगदी तसंच! बेकरीवाला बघतच राहिला. पण ते कुत्रं काही थांबेना. आम्ही बसलो तरी भुंकतंय, निघालो तरी भुंकतंय. गुबगुबीत, पावडरच्या फुलासारखं, दिसायला गोड. आणि आवाज म्हणाल तर अंगाच्या दसपट.

घरी येऊन मत घेतलं. आता ही आमची मत घ्यायची रीत लिहायला हवी. लग्नानंतर दोन वर्षांनी पडद्याच्या रंगावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा यांनी ती काढली. माझी बटणांची पेटी आहे, मोठी, हजारभर बटणं असतील. प्रत्येकानं पडद्यामागे जाऊन पेटीतून एक बटण घ्यायचं आणि मुठीत झाकून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. पांढरं म्हणजे हो. काळं म्हणजे नाही. मग सगळ्यात लहान माणूस डब्यात हात घालून एकेक काढतो. एक जरी काळं निघालं, की विषय संपला. कुणी टाकलं ते विचारायचं नाही. आणि उरलेली बटणं मी मान वळवून, न बघता पेटीत ओतायची. हा यांचा नियम. बघितलं की मोजणं आलं, मोजलं की भांडण आलं.

तेव्हा घरात आम्ही दोघंच. काळं निघालं की कुणाचं ते कळायचंच! तरी विचारायचं नाही. बेचाळीस वर्षं पाळतोय.

तर आज ठिणगीनं पहिलं काढलं, पांढरं. दुसरं काळं. संपलं. मी पांढरं टाकलं होतं. मला तेही चाललं असतं. पण लेकाला ते भुंकणं मानवलं नसणार. जाऊ दे.

येताना वाटेत थांबून आईस्क्रीम खाल्लं, आणि लेकानं गाडीत गाणं म्हटलं. बेसूर! पण त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते.

२० नोव्हेंबर, बुधवार

चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी आणि ठिणगी जाऊन आलो. मी त्यांचे दोन कोट लांबीला कमी करून दिलेत, म्हणून ओळख. मला वाटलं त्या कुत्र्याबद्दल सांगतील. त्या आमच्याबद्दलच विचारत बसल्या! कोण किती वाजता घरी असतं, कोण चालायला नेणार, केस कोण विंचरणार. जसं काही आम्ही कुत्रं बघायला नव्हे, आम्हालाच बघायला पाहुणे आलेत.

मग म्हणाल्या, पग बघा एकदा. भुंकत नाही. पण केस गळतात, आणि घोरतं. मी म्हटलं, घोरण्याची आमच्या घराला सवय आहे.

आणि हो, लेकानं गोदामातल्या दुसऱ्या साहेबाशी बोलून डिसेंबरच्या सगळ्या रविवारी सुट्टी घेतलीय. कुत्रं बघायला वेळ हवा, म्हणाला. सलग इतके रविवार, दहा वर्षांत पहिल्यांदा!

२४ नोव्हेंबर, रविवार

पग बघितला. काय सांगू! एका शिक्षकाच्या घरी. आम्ही आत गेलो, त्यानं सगळ्यांना एकदा हुंगलं आणि लेकाच्या बुटावर डोकं ठेवून झोपून गेला. घोरायलाच लागला. लेक तासभर पाय न हलवता बसला. पायाला मुंग्या आल्या, तरी हलला नाही. सूनबाईच्या काळ्या पँटवर केसच केस, पण ती काही बोलली नाही. उलट बोटानं त्याच्या कपाळावरच्या चुण्या सारख्या करत होती.

परत येताना हे म्हणाले, ठरलंच म्हणायचं. ठिणगी गप्प. इतकी खूश की गप्प.

घरी आलो. मत घेतलं. ठिणगीनं एक पांढरं काढलं. दुसरं पांढरं. तिसरं काळं.

वहीबाई, तुलाच म्हणून सांगते. ते मी टाकलं.

पगचं काही चुकलं नव्हतं. पण पडद्यामागे पेटीत हात घातला आणि डोक्यात आलं — आज ठरलं की पुस्तक वाचनालयात परत जाणार. पुढच्या रविवारी लेक गोदामात. सूनबाई ओट्याशी उभी. हे बातम्या बघणार. मी आणि भांडी. काळं बटण बोटाला लागलं. काळं दोन भोकांचं असतं, पांढरं चार भोकांचं, मला न बघता कळतं. माझ्या बोटांनी ते उचललं. मी फक्त सोडून दिलं.

ठिणगीनं काळं बटण हातात धरून सगळ्यांकडे बघितलं. मग आईकडे जरा जास्त वेळ. केस गळतात ना पगचे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

चांगलं केलं नाही मी.

पण येत्या रविवारी माल्टीज बघायला जायचंय!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

यांनी कागदावर कुत्र्यांच्या घरांची यादी केलीय. कुणाकडून, कुठून मिळवली, विचारू नये. अकरा घरं! त्यात एक तर शहराबाहेर, तलावाजवळ. तिथे छोटं कुत्रं आहे का, विचारलं, तर म्हणाले, कुत्र्याचं माहीत नाही, पण रस्ता फार छान आहे.

आणि ठिणगीनं पुस्तकात माल्टीजच्या पुढच्या तीन पानांना आत्ताच खुणा घातल्यात. माल्टीज अजून बघायचाय! हुशार पोर. नाहीच जमलं तर तयारी असावी.

टेबलावर पाच ताटं अजून चालू आहेत. मोजतेय रोज. मनातल्या मनात.

१ डिसेंबर, रविवार

माल्टीज झाला. गाडीचं चाक पंक्चर झालं, ते बदलायला तास गेला, आणि तो तास सगळ्यात मजेचा. हे सूचना देत होते, लेक ऐकत नव्हता, सूनबाईनं बाह्या वर केल्या आणि चाक स्वतः बसवलं. नट कसे आवळले! म्हणाली, दिवसभर लोकांच्या शिरा शोधते, नट तर दिसतात तरी.

कुत्रं पांढरंशुभ्र, रेशमासारखं. केस गळत नाहीत. भुंकला तर एकदाच, तेही शिंकल्यासारखा. चावायचं तर नावच नाही. ठिणगीच्या मांडीत बरोब्बर मावला. चारही अटी पूर्ण. खोड काढायला जागा नाही.

मी काळं टाकलं.

ठिणगीनं पहिल्याच हाताला ते काढलं. या वेळी ती गप्प बसली नाही. आईकडे वळून म्हणाली, "तुला कुत्रं नकोच आहे. मग सरळ सांग ना."

नियम मोडला तिनं. विचारायचं नसतं. हे म्हणाले, ठिणगे. एवढंच. पण बोलून झालं होतं. सूनबाई उठली. गॅलरीत गेली आणि घड्या घातलेले कपडे परत उलगडून घड्या घालायला लागली.

मी डबा पेटीत ओतला. मान वळवून. मान वळवायला आज कारण होतंच.

सुनेच्या माथी माझं पाप! सासू म्हणून लोक काय काय करतात, मी तसली कधी नव्हते. आज झाले.

३ डिसेंबर, मंगळवार

ठिणगी आईशी बोलत नाही. हवं-नको माझ्यामार्फत. "आजी, आईला सांग माझ्या वहीवर सही राहिलीय." आई समोर उभी!

संध्याकाळी सूनबाईची बाही उसवली होती म्हणून माझ्याकडे आली. मी शिवत होते, ती बसली. मी म्हटलं, पोरीचं मनावर घेऊ नकोस. सांगून टाकावं असं जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण ती आधी बोलली.

म्हणाली, "आई, मला सवय आहे. दिवसभर माझ्यासमोर माणसं बसतात आणि तोंड फिरवतात. सुई बघवत नाही ना. बरोबरच आहे त्यांचं. फक्त या रविवारांत, गाडीत, कुणी तोंड फिरवत नाही."

मी दोरा तोडला. दातानं. म्हणजे तोंडाला काम झालं आणि बोलायचं राहून गेलं. भित्री म्हातारी!

तिला बाही दिली. दुहेरी टीप घातली. दुसरं काय करणार होते!

६ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. एक शिट्झू आहे, दोन वर्षांची, कुत्री. मालकीणबाई एकट्या, पोस्टात होत्या. आता थकल्या, तर लेकीकडे राहायला चालल्यात, गाडीनं दोन तासांवर. लेकीच्या घरी मांजरं आहेत, कुत्रं चालत नाही. रविवारी बघून या, आणि सोमवारी काय ते सांगा, म्हणाल्या, कारण दुसरं एक घर तयार आहे. त्या बाईंना मंगळवारी निघायचंय.

म्हणजे आता टाळंटाळ नाही. सोमवारी हो, नाहीतर गेली.

जेवताना सांगितलं. पाच जण होते, पण पुस्तक मिटलेलं. ठिणगीनं विचारलं, केस गळतात का? आईकडे न बघता. सूनबाईनं माझ्याकडे बघून सांगितलं, "गळत नाहीत. पण रोज विंचरावं लागतं." म्हणजे तिनं वाचून ठेवलं होतं. आधीच.

मी ठरवलं. रविवारी पांढरं टाकायचं. माझ्या मजेपायी पोर आणि आई तुटायला नकोत. पुढे ज्याची त्यानं जेवावं, हवं तेव्हा. मी भांड्यांशी बोलेन. त्यांना माझी सवय आहे.

८ डिसेंबर, रविवार

आज सगळं नीट लिहायचंय, म्हणून हळू लिहिते.

पोस्टवाल्या बाईंचं घर तळमजल्यावर, निम्मं सामान खोक्यांत बांधलेलं. कुत्री एका खोक्यावर बसली होती, जसं काही तिलाही नाव-पत्ता लिहून पाठवायचंय. तपकिरी आणि पांढरी. खालचे दोन दात बाहेर. झुलपांना एक रबर लावलेलं, त्यामुळे डोळे दिसत होते. मोठे, ओले.

आम्हाला बघून उतरली. भुंकली नाही. आधी यांच्या पोटरीशी गेली. हे श्वास रोखून उभे. तिनं हुंगलं आणि पुढे. मग लेक. मग ठिणगी. सूनबाईच्या हाताशी जरा जास्त थांबली, दवाखान्याचा वास येत असेल. मग माझ्या पायाशी येऊन बसली, मान वर करून. मी सवयीनं बोलायला लागले. काय गं, सामान बांधलं का, कुठे निघालीस. आणि ती ऐकत होती! मान इकडे, मान तिकडे. मशीन असं कधी करत नाही.

बाई म्हणाल्या, एकटी ठेवू नका तिला. बाकी काही मागणं नाही तिचं. मग खोक्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि आम्हाला चहा करते म्हणाल्या, पण भांडी बांधून झाली होती.

येताना गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत होते. हे रस्ता सांगायला विसरले. लेक एका वळणाला चुकला.

घरी मत. पडद्यामागे गेले. चार भोकं. दोनदा चाचपून घेतलं. पांढरं. डब्यात सोडलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की सांगू नका. मनात म्हटलं, ये बाई, तुझं घर आहे.

ठिणगीनं डोळे मिटून हात घातला.

काळं.

पहिल्याच झटक्याला काळं! मला वाटलं, माझीच बोटं फसली. म्हातारी झाले, भोकंसुद्धा मोजता येईनात. पण नाही. मी दोनदा चाचपलं होतं. मग कुणाचं?

सूनबाईनं ठिणगीकडे बघितलं नाही, ठिणगीनं आईकडे बघितलं नाही. लेक फोन घेऊन उठला. हे बातम्या लावून बसले, आवाज न लावता. जेवणं पाच वेळा झाली. मी सगळ्यात शेवटी.

डबा ओतायचा राहिला. टेबलावरच आहे.

९ डिसेंबर, सोमवार

सगळे कामाला गेले. हे दूध आणायला. मी डब्याचं झाकण काढलं आणि बघितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

काल काढलेलं काळं ठिणगीनं परत आतच टाकलं होतं. म्हणजे पाचही होती. चार काळी. एकच पांढरं — माझं.

चौघांची चार. पोरीचंसुद्धा! सहा महिने हट्ट धरला त्या पोरीचंसुद्धा. रविवार सरू नयेत असं एकट्या मलाच वाटत नव्हतं तर!

खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. एकटीच. डोळे पुसले, परत हसले. मग कुणाला न विचारता पोस्टवाल्या बाईंना फोन लावला आणि म्हटलं, कुत्री आम्ही घेतली, संध्याकाळी येतो. त्यांनी तिच्या जेवणाच्या वेळा सांगितल्या. मग म्हणाल्या, लांब जातेय मी, पण कधी जमलं तर आणाल का तिला, नुसतं बघायला?

मी म्हटलं, दर रविवारी आणू.

इतक्या लांब? किती जण याल?

पाच. तिला धरून सहा.